ओझं उतरताना

लक्ष्मण ऐवळे पडला तेव्हा त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं.

पोलिसांना, डॉक्टरांना, युनियनच्या माणसांना, सगळ्यांना बिरू करांडेने हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि प्रत्येकाने त्याच्याकडे संशयानेच पाहिलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले होते. लक्ष्मणने शेवटची गोणी थप्पीला लावली, टॉवेलने मान पुसली आणि तो रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर आडवा झाला. बिरू शेजारी तंबाखू मळत होता. त्याला एक आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, पण माणसाच्या अंगातून आलेला.

"बिरू," लक्ष्मण अगदी शांतपणे म्हणाला, "माझं पाय कुठं गेलं रं?"

पाय जागेवरच होते. लक्ष्मणला मात्र ते पुन्हा कधी सापडले नाहीत.

लक्ष्मणच्या कमरेत बशी होती. बिरूच्याही होती. अकरा वर्षांपूर्वी हमालांच्या झिजलेल्या मणक्यांसाठी एक योजना आली होती. दोन मणक्यांमधली फाटलेली गादी काढायची आणि तिथे पांढऱ्याशुभ्र सिरॅमिकची चकती बसवायची. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण ऑपरेशनआधी डॉक्टरांनी ती हातात दिली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर चहाची बशी!" आणि तेच नाव पडलं. यार्डात आणि आसपासच्या गावांत मिळून दोनशे बारा बशीवाले झाले. माणसं पुन्हा ताठ उभी राहिली. जो बिरू तेहतिसाव्या वर्षी भिंतीला धरून चालत होता, तो पन्नास किलोची गोणी घेऊन फळी चढू लागला. सिरॅमिक दाबाला पोलादापेक्षा खंबीर, ती चकती तुमच्या हाडांच्या आधी मोडायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दहा वर्षं ते खरंही ठरलं.

लक्ष्मणच्या कमरेतून काढलेले बशीचे तीन तुकडे तपासणीसाठी त्रिशला चौगुले यांच्याकडे आले. त्या गावातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. पदार्थ कसे मोडतात याचा अभ्यास करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. तीन आठवड्यांनी त्यांनी सगळ्या बशीवाल्यांना कॉलेजच्या सभागृहात बोलावलं. फळ्यावर त्यांनी बशी काढली आणि तिच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक छोटी खाच दाखवली.

"बसवताना डॉक्टरांच्या चिमट्याला पकड मिळावी म्हणून ही खाच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "चूक इथून सुरू झाली. सिरॅमिकला दाबलं तर ते हत्ती पेलेल. ओढलं तर मात्र लगेच तुटतं, खडू तुटतो तसं. तुमच्या पाठीवर गोणी आली की बशी दाबली जाते. दाबाखाली चीर मिटते, उघडत नाही. म्हणून सगळे निर्धास्त होते. पण खाचेच्या टोकाशी दाब कित्येक पटींनी वाढतो. तिथले कण चुरडतात, एकमेकांत घुसतात. तेवढा ठिपका कायमचा आखडतो. आता गादीवर जड ट्रंक ठेवली आणि महिन्याने काढली, तर काय होतं?"

"खड्डा ऱ्हातो," पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला.

"राहतो ना? बाकीची गादी वर येते, तेवढी जागा येत नाही. बशीचंही तेच होतं. ओझं उतरलं की आजूबाजूचा भाग मूळ जागी परत येऊ बघतो. आखडलेल्या ठिपक्याला ते जमत नाही, मग त्याला दोन्हीकडून ताण बसतो. आणि ताण तर सिरॅमिकला सोसत नाही. केसाहून बारीक चीर जाते. गोणी उतरवली तरी उभ्या माणसाचं अंगाचं वजन मणक्यावर असतंच. आडवं पडलं की तेही जातं. जड ओझ्यानंतर आडवं पडणं, सगळ्यात वाईट ते."

बिरू उठला.

"म्हंजे बाई, उचलताना न्हाई मोडत. इसावा घेताना मोडतं."

"हो," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"मग करायचं काय आमी?"

यावर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. दाब कधीच पूर्ण उतरू द्यायचा नाही.

*

पट्टा आला तो महिनाभरात. दोन्ही खांद्यांवर वाट्या, कमरेला रुंद कडं, आणि दोन्हींच्या मधे काखेपासून खुब्यापर्यंत दोन दांड्या. पाठीमागे चावीचं भोक. चावी फिरवली की दांड्या आखडायच्या आणि खांदे कमरेकडे ओढले जायचे, चाळीस किलोच्या जोराने, दिवसरात्र. झोपतानाही. अंघोळीपुरती दहा मिनिटं सूट, तीही उभ्यानेच. दाब कमी झाला की पट्ट्यातली शिट्टी वाजायची. बशी काढून टाकायचं ऑपरेशन होतं, पण ती आता हाडात मुरली होती. काढताना दहातल्या चौघांचे पाय जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं. बिरूने नाही म्हटलं.

चावी बिरूच्या बायकोकडे, मायाक्काकडे राहिली. स्वतःची चावी स्वतःला फिरवता येत नसे, हात पोचत नसे. हमाली अर्थातच सुटली. यार्डाने बिरूला फाटकावर गाड्या नोंदवायला बसवलं. गोणी उचलून तो कधी इतका दमला नव्हता जितका आता खुर्चीत बसून दमायचा. संध्याकाळपर्यंत खांद्याची कातडी सोलवटायची. मायाक्का तिथे खोबरेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर पुन्हा वाटी कसायची. बिरू तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचा. त्या पट्ट्याला असायच्या, पण पट्टा कसणारे हात मायाक्काचे होते.

रात्री तो कुशीवर वळला की दांड्या कुरकुरायच्या, शिट्टी वाजायची, मायाक्का उठून पट्टा नीट करायची. रात्रीत तीनदा, कधी पाचदा. पहाटे ती तासगावच्या गाडीने बेदाणा निवडायला शेडवर जायची. वर्षभरात ती निवडताना डुलक्या घेऊ लागली. मुकादमीण दोनदा ओरडली. लेक बाळंतपणाला आली तेव्हा नातवाला बिरूच्या छातीवर ठेवलं, तर दांडीच्या गारव्याने पोर किंचाळलं. नंतर कुणी ठेवलं नाही आणि बिरूनेही मागितलं नाही. नवराबायकोत बोलणं उरलं ते पट्ट्यापुरतं. "कसू?" "कस." "दुखतंय?" "न्हाई." दोन वर्षं अशी गेली.

मग एका दुपारी शेडवरची वीज गेली आणि मायाक्का लवकर घरी आली.

दार लोटलेलं होतं. फाटकावरून जेवणाच्या सुट्टीत घरी आलेला बिरू, घोंगडीसुद्धा न घेता, फरशीवर उताणा झोपला होता. पट्टा भिंतीशी उभा होता, एखादा पाहुणा उभा असावा तसा. शिट्टीच्या दाब ओळखणाऱ्या पट्टीत गोणपाटाची घडी ठासून भरली होती, म्हणून ती गप्प होती. चावीच्या भोकात वाकवलेली सळई होती. बिरूचं तोंड उघडं होतं आणि तो घोरत होता. ते घोरणं तिने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. कपाळावरची आठी गेली होती.

मायाक्काला आधी वाटलं, हलवून उठवावं. मग वाटलं, उठवताना काही झालं तर? ती तशीच उंबऱ्यावर बसली. लक्ष्मणच्या अंगातून आलेला तो आवाज तिने ऐकला नव्हता, पण बिरूने इतक्यांदा सांगितला होता की तो तिच्या कानात होता. ती त्या आवाजाची वाट बघत बसली. तासाभराने बिरू आपणहून जागा झाला आणि त्याला उंबऱ्यात बायको दिसली.

"कवापास्नं चाललंय हे?" तिने विचारलं.

"दिवाळीपास्नं."

"रोज?"

"रोज न्हाई. शेड बंद असंल तवा न्हाई. तवा तू घरात असतीस."

"आन् मी रातीला पाच-पाच बारी उठतीया," मायाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी कशापायी उठतीया मग? सांगा की."

बिरू फरशीवर उठून बसला. तो म्हणाला, "एक घंटाभर, माया. मोकळं पडावं वाटलं. मोडली तर मोडली म्हटलं."

"तुमची मोडंल. फुडं तुमाला उचलायचं कुणी? मीच न्हवं?"

दुसऱ्या दिवशी शेडवर खाडा करून तिने त्याला हाताला धरून त्रिशलाबाईंच्या प्रयोगशाळेत नेलं. तक्रार करायलाच नेलं होतं.

*

त्रिशलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी बिरूला स्टुलावर बसवलं, पाठीला आतला आवाज टिपणारी रुपयाएवढी चकती चिकटवली आणि आतल्या चिरेची लांबी मोजली. मग पुन्हा मोजली. मग कपाटातून दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीचा कागद काढला.

"साधारण किती वेळा झोपला असाल असे?"

"दीडशे तरी."

"माझ्या हिशोबाने दीडशे वेळांत ही चीर पार मागच्या कडेला जायला हवी होती. निम्मीही गेलेली नाही." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "ती मंदावली आहे."

"म्हंजी?" मायाक्काने विचारलं.

"दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे, ताण खाचेच्या टोकाजवळच असतो. चीर पुढे गेली की ती त्या जागेपासून लांब जाते. आणि दुसरं, मोडलेल्याचा भुगा चिरेतच अडकतो. पुन्हा दाब आला की तो भुगाच पाचरीसारखा ओझं पेलतो. ओझं पूर्वीपेक्षा वाढलं नाही, तर चीर आपोआप थांबू शकते. लक्ष्मण रोज गोण्या उचलत होता, सीझनला शंभर किलोचीही घेत होता. त्याची थांबायला जागाच नव्हती. बिरूभाऊंनी दोन वर्षांत जड काही उचललेलं नाही."

"मग थांबलीया का न्हाई?"

"माहीत नाही, वहिनी. थांबते का हे बघायचं तर पट्टा काढून माणसाला झोपवावं लागेल, पुन्हा पुन्हा, आणि चकतीने ऐकावं लागेल. असं कुणाला कसं झोपवायचं? म्हणून मी कधी केलंच नाही."

बिरू म्हणाला, "मी झोपतोच की. हितं झोपतो."

"अजाबात न्हाई," मायाक्का उठून उभी राहिली. "बाई, माझा माणूस तुमच्या यंत्रातला ठोकळा हाय व्हय? दाबून बघायचं, सोडून बघायचं?"

त्रिशलाबाईंचा चेहरा उतरला. खिडकीकडच्या कोपऱ्यात एक जुनं, हिरव्या रंगाचं दाबयंत्र होतं. त्यांनी तिकडे बोट केलं.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. चौदा वर्षांपूर्वी बशीची चाचणी या यंत्रावर झाली. मी घेतली. दहा लाख वेळा बशी दाबली आणि सोडली, एकही मोडली नाही. पण सोडताना मी पूर्ण सोडत नव्हते. पूर्ण सोडलं तर नमुना जागेवरून सरकतो, म्हणून थोडा दाब कायम ठेवायची पद्धत आहे. सगळीकडे तसंच करतात. नियमातही तसंच लिहिलंय. म्हणजे माझ्या चाचणीतल्या बशीने कधी विसावा घेतलाच नाही. लक्ष्मणचे तुकडे टेबलावर आले तेव्हा मला हे कळलं. त्या कागदावर माझी सही आहे."

मायाक्का त्यांच्याकडे बघत राहिली. शिव्या द्याव्यात एवढंही त्राण तिच्यात नव्हतं आणि समोरच्या बाईत त्या ऐकून घेण्याचंही दिसत नव्हतं.

"मग आता घ्या की परत," बिरू म्हणाला. "ऱ्हायलेली चाचणी घ्या. घरात मी चोरून झोपणारच हाय बाई, खोटं कशाला बोलू. हितं निदान कुणीतरी ऐकंल."

"आन् मोडली तर?" मायाक्काने त्यालाच विचारलं.

"आवाज वाढताना दिसला तर मी लगेच थांबवीन," त्रिशलाबाई म्हणाल्या. "तरी धोका आहे. नाही म्हणणार नाही. बाकी दोनशे माणसं असाच पट्टा घालून बसली आहेत, हेही खरंच. पण ते तुमच्या डोक्यावर नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही."

चार दिवस मायाक्काने पट्टा कसला तो मुकाट्यानेच. पाचव्या दिवशी भाकरी थापताना ती म्हणाली, "बेस्तरवारी शेड बंद असतीया. मी संगं येणार. मला ऐकू यायला पायजे."

*

गुरुवारची ती दुपार ठरून गेली. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लोखंडी खाट टाकली होती. डॉक्टर सवड काढून बाहेर थांबायचे. मायाक्का चावी फिरवायची, दांड्या सैल व्हायच्या आणि बिरू हळूच आडवा व्हायचा. मायाक्काच्या हट्टावरून त्रिशलाबाईंनी चकतीला स्पीकर जोडला होता. आधी नुसती खरखर, बिरूच्या रक्ताची आणि श्वासाची. आणि मग, टक.

पहिल्या गुरुवारी असे एकोणीस टक झाले. प्रत्येकाला मायाक्काची बोटं खाटेच्या लोखंडाभोवती आवळली. बिरूला काही कळलं नाही, तो पाचव्या मिनिटाला झोपला होता. दुसऱ्या गुरुवारी सतरा. तिसऱ्या गुरुवारी बावीस झाले तेव्हा मायाक्का ओरडली, "पुरं करा!" त्रिशलाबाईंचाही हात बिरूच्या खांद्यापर्यंत गेला होता. पण टक बारीक होते, लांबून आल्यासारखे. म्हणून त्यांनी त्याला उठवलं नाही. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही, हे पुढे बोलण्यातून निघालं.

नंतर आकडा उतरत गेला. बारा. नऊ. नऊ. चार. मधे एका गुरुवारी पुन्हा अकरा, तेव्हा कळलं की बिरूने नातवाला उचलून खांद्यावर घेतलं होतं. मग दोन. मग एक. बिरू झोपलेला असायचा आणि दोघी त्याच्या दोन बाजूंना स्टुलावर बसून खरखर ऐकायच्या. त्रिशलाबाई कधी डब्यातली थालीपिठं पुढे करायच्या, मायाक्का शेडवरचे बेदाणे आणायची. मैत्री नव्हती ती. पण एकाच माणसाच्या पाठीतला आवाज महिनोन्‌महिने ऐकल्यावर परकेपणाही राहिला नाही.

सहाव्या आणि सातव्या महिन्यांत लागोपाठ आठ गुरुवार काहीच वाजलं नाही. आठव्या गुरुवारी त्रिशलाबाईंनी स्पीकर बंद केला आणि बिरू उठून बसेपर्यंत वाट पाहिली.

"थांबली," त्या म्हणाल्या. "पट्टा काढायला हरकत नाही. गोणी मात्र जन्मात उचलायची नाही. नातू दहा किलोचा झाला की तोही नाही. दर महिन्याला मला दाखवायचं."

बिरूने मान हलवली. मग त्याने विचारलं, "बाई, मी गोणी सोडली तवाच ही थांबाय लागली हुती न्हवं?"

"बहुधा हो."

"म्हंजे पट्टा लागलाच नसता."

त्रिशलाबाई खोटं बोलू शकल्या असत्या. पट्ट्यामुळेच वेळ मिळाला असं म्हणता आलं असतं आणि ते कुणाला खोडूनही काढता आलं नसतं.

"तुम्हाला बहुधा लागला नसता," त्या म्हणाल्या. "हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. म्हणजे, होता. मला विचारायचं धाडस झालं नाही."

"दोन वर्सं," मायाक्का म्हणाली.

पुढच्या दीड वर्षात त्या खाटेवर एकेक करून सगळे बशीवाले झोपून गेले. एकशे ब्याण्णव जणांचे पट्टे उतरले. सोळा जणांची चीर थांबेना, त्यांना पट्ट्यातच ठेवावं लागलं. दोघांनी ऑपरेशन पत्करलं, त्यातला एक चालतो. त्या वर्षीच्या नव्या नियमावलीत चाचणीची एक ओळ वाढली, नमुना अधूनमधून पूर्ण सैल सोडावा म्हणून. त्रिशलाबाईंनी ती लिहिली आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. लक्ष्मणला भेटायला त्या दर रविवारी जातात, असं यार्डात सांगतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी बिरू आणि मायाक्का कॉलेजच्या फाटकाबाहेर एसटीच्या थांब्यावर येऊन बसले. पट्टा प्रयोगशाळेतच राहिला होता. बिरूला अंग हलकं वाटण्याऐवजी भलतंच सैल वाटत होतं, कुठे ठेवावं कळत नव्हतं. समोर उसाची ट्रॉली गेली, तिच्यामागे पोरं ऊस ओढत पळाली. ऊन उतरत आलं होतं.

"राग आलाय तुला," बिरू म्हणाला.

"यील," मायाक्का म्हणाली. "आता न्हाई येत. आता दमलीया मी."

गाडी आली. बिरू उठला, पण मायाक्का उठली नाही.

"जाऊ द्या ही. म्होरली बघू."

तो पुन्हा बसला. चारचौघांत त्यांनी कधी एकमेकांना बोट लावलं नव्हतं. मायाक्काने पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. थांब्यावरची एक म्हातारी त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. बिरूने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दुसरी गाडी थांबली, निघून गेली.

तिसरी आली तेव्हा मायाक्का गाढ झोपली होती. कंडक्टरने दारातून विचारलं, "काय मामा, यायचंय का?"

बिरूने न बोलता हातानेच त्याला पुढे जायला सांगितलं.